अकरा खाडे

ऑगस्टच्या दोन तारखेला संध्याकाळी घरात पाऊल टाकलं तर आई, म्हणजे माझ्या सासूबाई, भिंतीवरच्या कालनिर्णयसमोर चष्मा लावून उभ्या. जुलैचं पान एका हाताने धरलेलं, दुसऱ्या हाताचं बोट एकेका चौकोनावरून सरकतंय आणि तोंडाने मोजणी चाललेली. मी छत्री बाल्कनीत उघडून ठेवली, चिखलाच्या चपला मोरीत नेऊन घातल्या, तरी त्यांनी मान वळवली नाही. मग एकदम म्हणाल्या, "अगं, जुलैत एवढं दूध आलंच नव्हतं का?" सकाळी दूधवाला महिन्याचा हिशेब करायला आला होता. आईंनी पानावरच्या फुल्या मोजल्या, चौदा भरल्या, आणि त्याला ठणकावून सांगितलं, चौदा खाडे. तो बिचारा हसायलाच लागला. "माँजी, चौदा खाडा? सब लोग गाँव गये थे क्या?" त्याच्या वहीत तीनच होते. आईंची वही म्हणजे कालनिर्णय. १९७३ साली ते निघालं, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हापासून भिंतीवर दुसरं कॅलेंडर लागलेलं नाही, आणि त्यावर लिहिलेलं चुकीचं असू शकतं हे त्यांना मान्य नाही. दूधवाल्याला त्यांनी पैसे न देता परत पाठवलं होतं.

तीन फुल्या दुधाच्या होत्या. अकरा माझ्या.

घोळ पेनाने केला. कालनिर्णयच्या खिळ्याला दोऱ्याने बांधलेलं एक निळं बॉलपेन लटकत असतं. गॅस कधी लावला, बाई कधी आली नाही, लाइट बिलाची शेवटची तारीख, सगळं त्याच पेनाने. मी त्या पानावर माझ्या लिखाणाचा हिशेब ठेवायला लागले ते जूनपासून. ज्या दिवशी काही लिहून झालं त्या दिवशी चौकोनाच्या कोपऱ्यात एक बारीक अक्षर, आणि ज्या दिवशी एक ओळही झाली नाही त्या दिवशी फुली. वेगळी वही घातली असती तर ती उघडायलाच विसरले असते. कालनिर्णयसमोरून दिवसातून वीस वेळा जाणं होतं, म्हणून तिथे. दुधाचा खाडाही फुलीनेच लिहितात, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं असं नाही. माझी फुली जरा तिरकी असते, आईंना कळेल, असं मी धरून चालले होते.

"मग हे अकरा कोणाचे?"

"माझे, आई."

"तुझे? तू कुठे गेली होतीस?"

लेक खो खो हसली. नवऱ्याने मोबाइलमधून डोकं वर काढून पुन्हा खाली घातलं. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याचा हिशेब झाला, आईंनी त्याला वर चहा पाजला, प्रकरण मिटलं. पण तो प्रश्न दातात अडकलेल्या बडीशेपेसारखा माझ्याकडे राहिला. जीभ पुन्हा पुन्हा तिथेच जाते आणि निघत तर काही नाही.

गोष्ट अशी आहे की सध्या मी तीन ठिकाणी गुंतले आहे. एक दिवाळी अंकाची कथा. दुसरं, एका ऑडिओ कंपनीसाठी चाललेली मालिका, आठवड्याला दोन भाग, एकेक भाग आठ-नऊ मिनिटांचा. आणि तिसरं ते मोठं, पाच वर्षं चाललेलं, ज्याला घरात कोणीही 'कादंबरी' म्हणत नाही, मीसुद्धा नाही. 'मोठं' म्हणते. कालनिर्णयच्या कोपऱ्यात क, ह आणि मो. क म्हणजे कथा, ह म्हणजे हप्ते. जुलैच्या पानावर ह सर्वांत जास्त आहेत, क सहा, मो दोन. हे लिहिताना लाज वाटते, पण आकडा खरा आहे.

ह का जास्त, ते उघड आहे. त्याचे पैसे मिळतात. फार नाहीत, तेही दोन-दोन महिने थकतात आणि मागायला फोन केला की पलीकडचा मुलगा "मॅम, प्रोसेसमध्ये आहे" एवढंच म्हणतो, पण मिळतात. शिवाय त्या कामाला एक मुकादम आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी भाग गेला नाही की त्याच दिवशी विचारणा होते. दिवाळी अंकाचे संपादक तसे सोशिक. एप्रिल-मेमध्ये पत्र किंवा फोन येतो, जुलैअखेर कथा द्यायची असते, आणि जुलैअखेर याचा अर्थ पंधरा ऑगस्ट हे त्यांनाही माहीत असतं, मलाही. त्यानंतर मात्र त्यांचा आवाज बदलतो, कारण गणपतीच्या आगेमागे अंक छपाईला जायचा असतो. आणि 'मोठं' कोणीच मागितलेलं नाही. त्याची वाट बघणारं जगात कोणी नाही. म्हणून सगळ्यांच्या पंगती उठल्या की उरलंसुरलं त्याच्या पानात.

मराठीत हा दिवाळी अंकाचा धबडगा १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून चालू आहे, आणि तेव्हापासून मराठी लेखकाचं वर्ष पावसाळ्यात सुरू होतं असं माझं मत आहे. बाकीचे लोक पंचांगात मुहूर्त बघतात, मी अधिक महिना बघते. अधिक महिना असला की दिवाळी पुढे सरकते. २०२२ ला दिवाळी चोवीस ऑक्टोबरला होती, २०२३ ला अधिक श्रावण आला आणि ती बारा नोव्हेंबरवर गेली. एकोणीस दिवस फुकट! त्या वर्षी मी दोन कथा दिल्या. लोकांनी त्या महिन्यात जावयाला अनारसे दिले, मी संपादकांना कथा दिल्या. अधिकात केलेल्याचं पुण्य जास्त म्हणतात. मानधन नेहमीएवढंच आलं.

वेळापत्रक मीही करून पाहिलं. बऱ्याचदा. एका वर्षी लेकीच्या शाळेच्या टाइमटेबलसारखं रंगीत केलं होतं. सोम-बुध कथा, मंगळ-गुरू हप्ते, शुक्र-शनि मोठं. ते तिसऱ्या आठवड्यात मोडलं, कारण वार माझ्या ताब्यात नाहीत. बँकेत नोकरी आहे, मार्चमध्ये आणि सप्टेंबरअखेर घरी यायची वेळ सांगता येत नाही. दुसरा आणि चौथा शनिवार २०१५ पासून सुट्टीचा झाला तेव्हा मला वाटलं होतं, आता काय, महिन्याला दोन शनिवार माझेच. त्या शनिवारांना आमच्या घरी जितके पाहुणे आले तितके त्याआधीच्या दहा वर्षांत आले नसतील. सगळ्यांना कळलं होतं ना, ही घरी असते म्हणून.

मग एकदा असं लक्षात आलं की वार हलतात पण जागा हलत नाहीत. तेव्हापासून कामं वारांना न बांधता जागांना बांधली. नळाला मोठं, गाडीला हप्ते, आणि कथेला मिळेल ती जागा.

नळाचं असं. आमच्या इमारतीत पाणी पहाटे पाचला येतं आणि सव्वासहाच्या सुमाराला धार बारीक होत जाते. टाकी आहे, पण तिच्यावर विसंबून राहायचं नाही हा मुलुंडच्या जुन्या इमारतींचा अलिखित कायदा. पिंप, दोन बादल्या, स्वयंपाकघरातली कळशी, पिण्याचं गाळून वेगळं. हे काम आई करायच्या, गुडघे दुखायला लागले तशी माझ्याकडे आलं. मी कुरकुरले, आणि चार दिवसांत कळलं की घरात सव्वा तास असा आहे की जेव्हा मला उठवायला, बोलवायला, काही विचारायला कोणी जागं नाही. ओट्याच्या कडेला वही, डाव्या हाताला नळ. बादली भरायला सात मिनिटं लागतात. सात मिनिटांत एक परिच्छेद. पाण्याचा आवाज आधी पोकळ असतो, मग भरीव होत जातो, आणि काठाशी आला की एकदम बारीक, घाईघाईचा. तो बदल कानाला कळतो आणि हात आपोआप तोटीकडे जातो. लिखाण बरं चाललंय याची खूण म्हणजे तो कळत नाही. मग पाणी फरशीवरून पायाला लागतं, आणि आतल्या खोलीतून आईंचा आवाज येतो, "अगं, वाहतंय!"

गाडीचं वेगळं. मी जलद गाडी घेत नाही. फोर्टात पोचायला जलद गाडीने दहा-बारा मिनिटं वाचतात, पण मुलुंडला त्या गाडीत पाय ठेवायला जागा मिळते, बसायला नाही. ठाण्याहून सुटणारी धीमी घेतली तर नशिबाने चौथी सीट तरी मिळते, आणि फारच मोठा भाग लिहायचा असेल तर मी उलटी ठाण्याला जाते आणि तिथून रिटर्न येते. एक स्टेशन मागे जाऊन खिडकी मिळवायची! नवरा याला वेडेपणा म्हणतो. पण खिडकी मिळाली की नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी, घाटकोपरपर्यंत डोकं खाली घालून एका अंगठ्याने मोबाइलवर संवाद उतरवता येतात. घाटकोपरला मेट्रोचा लोंढा आत येतो आणि तिथून दादरपर्यंत माझ्या हिरोइनीला श्वास घ्यायला जागा नसते. म्हणून मी भागाचं शेवटचं वळण, ज्याला कंपनीवाले 'हुक' म्हणतात, घाटकोपरच्या आधी संपवते. परळ-करी रोडच्या टप्प्यात जरा हवा येते, तेव्हा सुधारणा. लेडीज डब्यात माझ्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. एक जण मेथी निवडत असते, एक जण स्तोत्र म्हणत असते, एक झोपलेली असते. प्रत्येकीचं घरात न झालेलं काहीतरी इथे चालू असतं. फक्त एकदा शेजारच्या बाईने माझ्या स्क्रीनवर वाचून विचारलं, "मग तो दीर तिला घराबाहेर काढतो का?" मी म्हटलं, अजून ठरलं नाही. "काढू नका हो," ती म्हणाली आणि कुर्ल्याला उतरली. त्या दिराला मी त्या भागात काढलं नाही. चार भागांनंतर काढलं.

गाडीत लिहिण्यावरून अँथनी ट्रोलप आठवतो. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला हा इंग्रज कादंबरीकार पोस्टखात्यात नोकरीला होता आणि कामासाठी सारखा आगगाडीने हिंडायचा. त्याने मांडीवर धरायची एक पाटी करून घेतली होती आणि डब्यात बसून पेन्सिलीने कादंबऱ्या लिहायचा. घरी असला की पहाटे साडेपाचला टेबलावर, समोर घड्याळ, दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द. सत्तेचाळीस कादंबऱ्या! तोही डायरीत रोजचा हिशेब मांडायचा, इतकी पानं झाली म्हणून, आणि एखादा दिवस आळसात गेला तर तो रिकामा दिवस डायरीतून आपल्याकडे टक लावून बघतो असं त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा उर भरून आला होता. माझाच कोणी चुलतआजा सापडल्यासारखं. मग त्याच आत्मचरित्रात पुढचंही वाचलं. पहाटे त्याला उठवून कॉफी द्यायला एक म्हातारा नोकर होता, त्याला या कामाचे वर्षाला पाच पौंड जादा मिळत. आणि गाडीत पेन्सिलीने लिहिलेलं त्याची बायको नंतर शाईने उतरवून काढायची. नातं तिथेच तुटलं. माझी पहाटेची कॉफी मीच करते, आणि माझं उतरवून काढणारं कोणी मिळालं तर मी त्याला पाच पौंड काय, चौथ्या शनिवारी पुरणपोळीही घालीन.

आपल्याकडचे हरिभाऊ आपटे मला जास्त जवळचे वाटतात. १८९० साली त्यांनी 'करमणूक' सुरू केलं आणि त्यात हप्त्याहप्त्याने कादंबऱ्या घातल्या, सामाजिक आणि ऐतिहासिकही. वर आनंदाश्रमाची व्यवस्था, पुण्यातली सार्वजनिक कामं. त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. मराठीचे मास्तर हे सांगताना हळहळायचे. आता मला त्यात एक आधार वाटतो, आणि तो वाटणं बरं नव्हे हेही कळतं. दर आठवड्याला अंकाची पानं समोर उभी राहत असतील. वाचकांपैकी कोणी तरी पत्र पाठवून विचारत असेल, त्या मुलीचं पुढे काय झालं? आणि हरिभाऊ भलत्याच कुठल्या किल्ल्यावर.

तीन कामं एकत्र चालवण्यात वेळेपेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. आवाज सांडतात. मालिकेतली माणसं मोठ्याने बोलतात, त्यांना बोलावंच लागतं, कारण ऐकणारा भांडी घासत किंवा गाडी चालवत ऐकतोय. दिवाळी अंकातली माझी विधवा शिक्षिका मात्र तोंडातल्या तोंडात बोलणारी. जूनमध्ये एकदा गाडीतून उतरले आणि बँकेत जेवणाच्या सुट्टीत कथा उघडली, तर ती शिक्षिका पुतण्याला म्हणते, "आजपासून या घराचे दरवाजे तुला बंद!" हे वाक्य मी लिहिलं कधी तेही आठवेना. एकदा तर दोन्हीकडे 'सुलभा' निघाली. तेव्हापासून प्रत्येक कामाची सुरुवात करण्याआधी मी त्याचं मागचं पान मोठ्याने वाचते, निदान ओठ हलवून. डब्यातल्या बायकांना वाटत असेल हिचंही स्तोत्र चाललंय. आणि उठताना थोडं शिल्लक ठेवून उठते. दही संपवताना आपण भांड्याच्या तळाला चमचाभर ठेवतोच ना, उद्याच्या विरजणापुरतं, तसं पुढच्या प्रसंगातलं एखादं वाक्य माहीत असूनही लिहायचं नाही. दुसऱ्या दिवशी ते लागतं. दोन दिवस मध्ये गेले तरी चालतं. पाच दिवस गेले की मात्र विरजण आंबतं, आणि मोठ्याच्या बाबतीत जुलैत सलग सतरा दिवस गेले होते.

तर, तू कुठे गेली होतीस?

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी जुलैचं पान घेऊन बसले आणि माझ्या अकरा फुल्यांचा जमाखर्च मांडला. दोन दिवस लेकीला ताप होता. एक दिवस रुळांवर पाणी आलं, गाडी कुर्ला आणि शीवच्या मध्ये दीड तास उभी, मोबाइलची बॅटरी सात टक्के आणि ती घरच्यांसाठी राखून ठेवलेली. एक रविवार मेगाब्लॉक, आणि त्यातच कल्याणला बारसं. एक आषाढी, साबुदाणा भिजला नव्हता म्हणून झालेली रामायणं. दोन दिवस बँकेत इन्स्पेक्शन. एक दिवस आईंना गुडघ्याच्या डॉक्टरांकडे नेलं, नंबर एकेचाळिसावा होता. इथपर्यंत आठ झाले, आणि आठांचा जबाब माझ्याकडे होता. उरलेले तीन दिवस मला आठवेनात. वेळ होता. पाणी आलं होतं, गाडीत सीट मिळाली होती, बहुतेक खिडकीसुद्धा. मी काहीच केलं नव्हतं. त्यातला एक दिवस नंतर आठवला: नळ सोडून ग्रिलमधल्या कबुतराकडे बघत उभी राहिले होते. ते काटक्या आणून ठेवत होतं आणि त्या खाली पडत होत्या. पुन्हा आणायचं, पुन्हा पडायच्या. सव्वा तास.

यातून कथा मिळाली असं म्हणायला मला आवडलं असतं. नाही मिळाली. आईंनी दुसऱ्या दिवशी ते घरटं काढून टाकलं, कबुतरांनी दमा होतो म्हणून.

पण जमाखर्च मांडताना एक झालं. 'मोठं' हे २६ जुलै २००५ बद्दल आहे. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, हे प्रत्येक मुंबईकराला पाढ्यासारखं पाठ आहे. माझं पात्र, एक कारकून, फोर्टातून मुलुंडला चालत निघतो. हा कारकून थोडाफार माझ्या सासऱ्यांवरून घेतलेला. ते तसेच आले होते, आणि पुढे वारेपर्यंत ती हकिगत दर पावसाळ्यात सांगायचे: कुर्ल्याला छातीपर्यंत पाणी, एकमेकांचे हात धरून केलेली साखळी, कोणा अनोळखी बाईने बाल्कनीतून दोरीने सोडलेली बिस्किटं. मी पाच वर्षं त्या माणसाला चालवतेय. कारकून शीवपर्यंत आलाय आणि चाळीस हजार शब्दांनंतर तिथेच, कमरेएवढ्या पाण्यात उभा आहे. मो या अक्षराचे जुलैत दोनच चौकोन भरले होते त्याचं खरं कारण वेळ नव्हतं. तो पुढे जाईना.

मला आठवलं की आई जुनी कालनिर्णयं टाकत नाहीत. माळ्यावर साडीच्या खोक्यात असतात. शनिवारी स्टूल लावून खोकं काढलं. वास आला, डांबराच्या गोळ्यांचा आणि जुन्या शाईचा. वाळवीने १९९८ खाल्लंय, बाकीची बरी आहेत. २००५ चा जुलै सापडला. तेच बारीक, उजवीकडे कलतं अक्षर. महिनाभर अर्धा लिटर, एक लिटर, गॅस, इस्त्री, 'पेपरवाला दिला'. २६ तारखेच्या मंगळवारी 'दूध १ लि.' एवढंच. सत्तावीसला फुली. तिच्याखाली 'मेण. ६' आणि त्याच्याही खाली, जागा नव्हती म्हणून चौकोनाच्या रेघेवर चढवून लिहिलेलं, 'हे आले दु. ४'. अठ्ठावीसला पुन्हा फुली. एकोणतीसला अर्धा लिटर.

मी खोक्याशेजारी फरशीवर बसून राहिले. सासऱ्यांच्या हकिगतीत घर कधी नव्हतंच. ती दाराच्या उंबऱ्याशी संपायची, "आणि मग चहा प्यायलो". इकडे कोणीतरी सहा मेणबत्त्या आणल्या होत्या, त्या मोजल्या होत्या, दूध आलं नाही म्हणून फुली मारली होती, आणि नवरा परत आला ही नोंद दुधाच्या हिशेबात केली होती, नाव न घेता. वेळेसकट.

आईंना विचारलं. त्या मटार सोलत होत्या. "असेल," म्हणाल्या. मी विचारलं, तेव्हा तुम्ही काय करत होतात रात्रभर? "करणार काय? फोन बंद. खिडकीत बसले, दुसरं काय." मग थोडं थांबून, "लाइट नव्हते, त्यामुळे काही करता यायचं नाही. विणकामसुद्धा." आणखी विचारलं असतं तर बोलल्याही असत्या. मी विचारलं नाही. मला भीती वाटली, खरं सांगायचं तर. खिडकीतली बाई जर आत आली तर चाळीस हजार शब्दांतले निम्मे जातील, आणि पंधरा ऑगस्टला कथा द्यायची आहे, मंगळवारी भाग बावन्न. थोडा रागही आला, कोणाचा ते माहीत नाही. पाच वर्षं मी ओट्याशी वही घेऊन त्या माणसाला पाण्यातून ओढत होते आणि दार उघडणारी बाई दहा फुटांवर झोपलेली होती. शिवाय तिची रात्र मी घ्यावी का? सासऱ्यांनी त्यांची सगळ्यांना वाटली होती. हिने एका चौकोनात मिटवून माळ्यावर टाकली होती.

"तुझी खूण मात्र बदल," मटाराच्या शेंगेतून नजर न काढता आई म्हणाल्या. "दुधाची फुली ती दुधाचीच. त्या भैयाला मी उगाच बोलले." लेकीने सुचवलं, मी लिहिलं त्या दिवशी टिकली चिकटवायची. तिची स्वतःचीच पाकिटं पडून होती. मी म्हटलं, बरं. फुली बंद, टिकली सुरू. खाडा आता लिहायचाच नाही, रिकामा चौकोन म्हणजे खाडा.

सोमवारी पहाटे पाणी आलं. मी जुलै २००५ चं पान ओट्यावर दुमडून ठेवलं, वही उघडली, बादली लावली. कारकुनाला शीवलाच राहू दिलं. खिडकीत कोण बसलंय एवढं बघायचं होतं. सहा मेणबत्त्या एका रात्रीत जळतात का? एकेक लावली असेल की दोन? खिडकीपाशी वारा, पाऊस आत येणार, म्हणजे मेणबत्ती खिडकीत ठेवता येणार नाही, म्हणजे ती अंधारात बसली असणार आणि मेणबत्ती तिच्या पाठीमागे, देवापाशी. मग रस्त्यावरून येणाऱ्याला ती दिसली नसती. तिला तो दिसला असता. पिंप भरलं, कळशी भरली. सव्वासहाला वहीत बघितलं तर एकही शब्द नव्हता.

टिकलीचं पाकीट फ्रिजवर होतं. लाल, मधल्या आकाराच्या. एक काढून बोटावर घेतली आणि कालनिर्णयसमोर उभी राहिले. चिकटवावी का नाही ते ठरेना. लिहिलं तर काहीच नव्हतं. टिकली बोटालाच चिकटून बसली होती.

आतून आवाज आला, "अगं, नळ बंद केलास का?"

नव्हता केला.